‘साधे पाणी’ : एका विशेषणाचा विचार

मुंबईपुण्याच्या कोणत्याही उपाहारगृहात गिऱ्हाईक बसताच वाढप्याचा पहिला प्रश्न येतो : “साधं की बिसलेरी?” हा प्रश्न आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातील ‘साधे’ या विशेषणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ‘पाणी’ या शब्दास अशा विशेषणाची गरज नसावी. संस्कृत ‘पानीय’ म्हणजे पिण्यास योग्य ते. त्यापासून ‘पाणी’ हा शब्द सिद्ध झाला. पेयता हा या शब्दाचा मूळ अर्थच होय. त्या दृष्टीने ‘पिण्याचे पाणी’ हा प्रयोगही व्युत्पत्तीच्या अंगाने द्विरुक्तीच ठरतो.

नवी वस्तू आली म्हणजे जुन्या वस्तूस विशेषण चिकटते, हा भाषेतील परिचित व्यापार आहे. संकरित गाय आली आणि आपली पूर्वीची गाय ‘देशी’ झाली. कारखानी पद्धतीच्या कोंबड्यांची अंडी आली आणि पूर्वीची अंडी ‘गावठी’ झाली. परंतु या दोन्ही विशेषणांनी जुन्या वस्तूचा मान वाढविला. ‘साधे’ या विशेषणाने मात्र नळाच्या पाण्याचा मान उणावला. ‘विकतचे’ या शब्दाचीही हीच गत झाली. विकतचे लोणचे, विकतचे दही असे म्हणताना घरच्यापेक्षा काहीसे कमी, असा भाव आपल्या बोलण्यात असतो. पाण्यापुरते मात्र ‘विकतचे’ म्हणजे शुद्ध, असे समीकरण रूढ झाले आहे. शब्दांनी दिलेला हा निर्णय वस्तुस्थितीस धरून आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावांविषयी. ‘बिसलेरी’ हे मूळ एका इटालियन गृहस्थाचे आडनाव. ते 1965 च्या सुमारास मुंबईत व्यापारी नाव म्हणून आले आणि पुढे ‘डालडा’प्रमाणे सामान्यनाम बनले. ‘मिनरल वॉटर’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो. भारतीय मानक संस्थेच्या परिभाषेत नैसर्गिक खनिजयुक्त पाणी (मानक 13428) आणि बाटलीबंद पेयजल (मानक 14543) हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. बाजारातील बहुतेक बाटल्या दुसऱ्या वर्गातील असतात. भूगर्भातील किंवा अन्य स्रोताचे पाणी घेऊन ते गाळून व निर्जंतुक करून भरलेले असते. प्रसंगी मूळचे क्षार काढून ठरावीक क्षार पुन्हा मिसळलेले असतात. अशा बाटलीस ‘मिनरल’ म्हणणे म्हणजे एका वर्गाची प्रतिष्ठा दुसऱ्यास उसनी देणे होय.

आता नळाकडे वळू. मुंबई शहरास विहार तलावाचे पाणी 1860 पासून मिळू लागले. त्यानंतर तुळशी, तानसा (1892), मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा व मध्य वैतरणा (2014) अशी भर पडत गेली. आज या सात जलाशयांतून शहरास दररोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी पुरविले जाते. या पाण्यातील गाळ तुरटीसारख्या द्रव्याने खाली बसवितात, ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनचा किंचित वास ग्राहकास खटकतो. परंतु तोच त्याचा रक्षक आहे. पेयजलाच्या राष्ट्रीय मानकानुसार (10500) क्लोरीनचा वापर केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. वाटेत जंतूंचा शिरकाव झाल्यास हा शेष त्यांचा प्रतिकार करतो. बाटलीतील पाण्यास असे शेष संरक्षण सहसा नसते. तिचे बूच उघडले की तिची राखण संपली.

किमतीची तुलना तर डोळ्यांत भरणारी आहे. मुंबईत घरगुती वापराच्या हजार लिटर पाण्यास, मलनिःसारणाचा आकार वगळता, दहा रुपयांहूनही कमी पडतात. बाटलीतील तेवढेच पाणी, लिटरला सुमारे वीस रुपये या दराने, वीस हजारांचे होते. म्हणजे अंतर दोन हजार पटींहून अधिक. शिवाय रिकाम्या बाटलीची विल्हेवाट पुन्हा महापालिकेच्याच माथी येते. 2024 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार प्लास्टिककण मोजले. त्यांतील बहुतांश अतिसूक्ष्म होते. त्यांचा शरीरावरील परिणाम अद्याप निश्चित झालेला नाही, हे खरे. पण बाटली म्हणजे निर्भेळपणा, ही समजूत तेवढ्याने ढळावयास हवी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी घरातील नळापर्यंत तसेच पोहोचते काय? आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा बंद असताना नळातील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे दूषित पाणी आत शोषले जाऊ शकते. हुबळी-धारवाड येथे अखंड व खंडित पुरवठ्याची तुलना करणारे संशोधन 2013 साली प्रसिद्ध झाले. त्यातही अखंड पुरवठ्याचे पाणी जंतूंच्या दृष्टीने स्पष्टपणे अधिक चांगले आढळले. याखेरीज इमारतीच्या टाक्या वेळेवर न धुणे, हा दोष तर रहिवाशांचाच. परंतु या आक्षेपाचे उत्तर बाटली नव्हे. जलवाहिन्यांची दुरुस्ती, अखंड दाब, टाक्यांची स्वच्छता आणि शंका येईल तेव्हा पाणी उकळून घेणे, ही त्याची उत्तरे होत. महापालिका आपल्या पर्यावरणविषयक अहवालात पाण्याच्या दूषित नमुन्यांचे प्रमाण विभागवार छापते. म्हणून नागरिकास जाब विचारता येतो. बाटलीच्या ग्राहकास फार तर दुसरे नाव निवडता येते.

येथेच या प्रश्नाचा गाभा आहे. महाराष्ट्रात ‘सार्वजनिक पाणी’ हा शब्दप्रयोग फुकटासारी आलेला नाही. जोतीराव फुले यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबई विधिमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करण्याचा ठराव केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि तेथील हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर 1937 साली उमटली. अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. हा सारा इतिहास सामाईक पाण्याचा आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्शमन यांनी 1970 साली दाखवून दिले की, एखाद्या संस्थेविषयी तक्रार करण्याची ज्यांची ताकद सर्वाधिक, तेच जर तिला सोडून गेले, तर ती सुधारण्याची शक्यता मावळते. सुस्थितीतील वर्ग बाटलीकडे वळला म्हणजे नळाची तक्रार करणारा आवाज क्षीण होतो, आणि नळावाचून ज्यांना दुसरा उपाय नाही, त्यांच्या वाट्यास खरोखरच ‘साधे’ पाणी उरते. विशेषण मग भाकितासारखे खरे ठरते.

शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी निदान आपल्या घरापासून आरंभ करावा. चर्चासत्राच्या मंचावर वक्त्यांपुढे बाटल्या मांडलेल्या असतात आणि श्रोते विद्यार्थी व्हरांड्यातील नळावर ओंजळ धरतात, हे दृश्य विद्यापीठांत नवे नाही. मंचावर त्याच नळाचे पाणी तांब्याभांड्यातून ठेवावे. ते पिण्याजोगे नसेल, तर ही गोष्ट वक्त्यांस त्याच दिवशी कळेल आणि नळ दुरुस्त होईल.