पाणी, पंगत आणि पगार

मराठवाड्यात पिशोर-कन्नडच्या बाजूला नम्रतेची गोष्ट निघाली की पहिलं नाव नाथांचं येतं. पैठणचे एकनाथ महाराघरी जेवले, तापल्या वाळवंटात रडणारं पोर त्यांनी कडेवर उचललं, या कथा ऐकतच इथली माणसं मोठी होतात. नाथांनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी याच मुलखात आणखी एक ब्राह्मण महार-मांगांबरोबर राहायला आला. त्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

नारायण शेषाद्री हे त्यांचं नाव. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मोठा गदारोळ झाला. बाळशास्त्री जांभेकर 'घ्यावं' म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. श्रीपतचं प्रकरण इतिहासाच्या पुस्तकांत गेलं, नारायणरावांचं काम कोपऱ्यात राहिलं. १८६०च्या दशकात ते जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे राहायला आले ते बहुतेक महार आणि मांग.

आता प्रश्न असा की नम्रता शिकायची कुणी? नारायणराव वाकले, त्याचं कौतुक झालं, ते योग्यच. पण ज्यांची मान पिढ्यान्‌पिढ्या वाकलेलीच होती, त्यांना आणखी नम्र व्हायला सांगण्यात काय अर्थ? त्यांना ताठ उभं राहण्याची गरज होती. शाळा, आपलं घर, आणि प्रार्थनेला सगळ्यांबरोबर एका छपराखाली बसणं, यातून ते बळ येत होतं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास मी असाच वाचतो: वरच्याने खाली यायचं आणि खालच्याने उभं राहायचं. यातलं पहिलं लिहून ठेवलं गेलं. दुसरं ज्यांनी केलं, त्यांची नावं क्वचितच सापडतात.

ख्रिस्ती परंपरेत नम्रता ही मनात ठेवायची वस्तू नव्हतीच. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे तेव्हा नोकराचं काम होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यांत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो स्वयंपाकघराचा नियम. प्रत्येकाने आळीपाळीने आठवडाभर स्वयंपाकघरात राबायचं, आणि पाळी संपलेल्याने व सुरू होणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू आजही पाय धुतात. त्या रांगेत स्त्रियांना अधिकृत जागा मिळायला मात्र २०१६ उजाडावं लागलं.

आपल्याकडे कसोटी पायांपेक्षा पाण्याची होती. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या तरी त्यांचं सोवळं, चूल, पाणी सारं वेगळं होतं. जात माणसाने केली की देवाने, हा विचार एके दिवशी त्यांनी स्वतःच शेवटापर्यंत नेला आणि कुणाच्याही हातचं खाण्यापिण्याचं ठरवलं. बाप्तिस्मा नंतर झाला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ज्या हसऱ्या सुरात सांगितलं आहे, त्यात उपदेशाचा मागमूसही नाही.

टिळकांची कसोटी पगाराची होती. मिशनची पगारी नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्याचं दार उघडं होतं. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. टिकली ती त्यांची गाणी. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेल्या या कवीची भजनं मराठी मंडळ्यांच्या उपासनेत अजून म्हटली जातात. टाळ-पेटीवर गाणाऱ्या गावच्या मंडळीत जो जोर असतो, तो कुठल्याही प्रवचनाने येत नाही.

या सगळ्यात अवघड धडा पंडिता रमाबाईंचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या मठातल्या बायांनी दिलेल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरं त्यांना नको होती. त्यांना तिथे संस्कृत हवं होतं. मांस-अंडी त्यांनी घेतली नाहीत, आणि चर्चची मतं तपासल्याशिवाय मानली नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवण्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला. मला तसं वाटत नाही. आज्ञा पाळणं म्हणजे नम्रता, अशी सोयीची गल्लत वरच्या जागेवर बसलेले लोक नेहमीच करत आले आहेत. याच रमाबाईंनी दुष्काळात उपाशी पोरी आणून केडगावला मुक्ती मिशन वाढवलं, आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या वारल्या. तिथल्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

हे सारं वाचून आजच्या मंडळ्यांविषयी भाबडं होऊ नये. सोयरीक जुळवताना जुनी जात अजून विचारली जाते. दुसरीकडे, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचे हक्क मिळत नाहीत. म्हणजे सवलतीपुरती जात गेली, लग्नापुरती राहिली.

'स्मृतिचित्रे' बऱ्याच घरांत असतं. यंदाच्या सुट्टीत लक्ष्मीबाईंचं ते पान शोधून घरात मोठ्याने वाचा. रमाबाईंचा वाँटेजशी झालेला पत्रव्यवहारही १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला आहे. तो इंग्रजीत आहे, पण मिळाला तर सोडू नका.