पाट आधी की सत्ता?

डिजिटल पुरातत्त्व म्हटले की आज ड्रोन, लेझरने केलेली मोजणी आणि पडद्यावर फिरणाऱ्या त्रिमितीय प्रतिकृती डोळ्यांसमोर येतात. परंतु या शाखेच्या आद्य प्रवर्तकांत ज्यांची गणना होते, त्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-क्लोद गार्दँ (१९२५–२०१३) यांना चित्रांपेक्षा अनुमानांची चिंता अधिक होती. त्यांनी १९५६ मध्ये बाल्कनपासून सिंधूपर्यंतच्या कांस्ययुगीन धातूच्या अवजारांची छिद्रपत्रांवरील, म्हणजे ठरावीक जागी भोके पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांवरील, सूची प्रसिद्ध केली. वस्तू कोणत्या दिशेने धरून पाहायची, तिचे भाग कोठे वेगळे मानायचे आणि कोणता फरक नोंदण्याजोगा समजायचा, हे आधी ठरवल्याखेरीज यंत्राला काहीच विचारता येत नाही, हा या खटाटोपाचा खरा धडा होता. पुढे १९६१ मध्ये पॉल गारेल्ली यांच्यासह त्यांनी अनातोलियातील असिरियन व्यापाऱ्यांच्या मृत्तिकापट्टांचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. एकच नाव अनेकांना असलेल्या त्या पेढीवाल्यांचे परस्परसंबंध उलगडणे, हे केवळ स्मरणशक्तीच्या बळावर होणारे काम नव्हतेच.

१९७९ नंतरच्या ग्रंथांतून त्यांनी ‘लॉजिसिझम’ ही पद्धत मांडली. एखाद्या संशोधनलेखातील आरंभीची निरीक्षणे एका टोकाला, अंतिम निष्कर्ष दुसऱ्या टोकाला आणि मधली प्रत्येक पायरी ‘असे असेल तर तसे’ या रूपात उघड लिहायची, असे तिचे स्वरूप आहे. तसे केल्यावर अनेक भारदस्त लेखांच्या मधल्या पायऱ्या गायब असल्याचे दिसून येते, आणि म्हणूनच ही पद्धत सर्वांच्या पसंतीस उतरली नाही यात आश्चर्य नाही.

या पद्धतीची कसोटी पाहावयाची तर गार्दँ यांच्या ईशान्य अफगाणिस्तानातील, म्हणजे पूर्व बॅक्ट्रियातील, १९७४–७८ च्या पाहणीकडे वळावे लागते. आय खानुम या ग्रीक नगराभोवतीच्या मैदानात जुन्या कालव्यांचे जाळे होते, आणि एवढी मोठी कामे ग्रीक किंवा फार तर इराणच्या अखमनी सम्राटांच्या राजवटीतीलच असणार, असे मानणे सोयीचे होते, कारण त्यापूर्वीच्या एखाद्या राज्याविषयी लिखित साधने जवळपास मुकी आहेत. कालव्याचा काळ थेट ठरवता येत नाही. काठावरच्या वस्त्यांतील खापरांवरून वस्तीचा, वस्तीवरून कालव्याचा आणि कालव्याच्या आकारावरून तो खोदवून घेणाऱ्या सत्तेचा अंदाज बांधावा लागतो. गार्दँ आणि भूगोलज्ञ प्येर जाँतेल यांनी ही साखळी जोडत नेली तेव्हा सिंचनाचा इतिहास कांस्ययुगापर्यंत मागे गेला, आणि अखमनींच्या आधीही तेथे संघटित सत्ता असावी असे गार्दँ यांनी सुचवले. याच पाहणीत सापडलेल्या शोर्तुगाई या हडप्पा संस्कृतीच्या वसाहतीचे उत्खनन आँरी-पॉल फ्राँकफोर यांनी केले. सिंधूपासून इतक्या दूर, अमू दर्याच्या काठी वसलेल्या या वस्तीच्या शेतीलाही कालव्याचे पाणी मिळत असल्याच्या खुणा आढळल्या.

यातील शेवटची पायरी, कालव्यावरून सत्तेकडे जाणारी, सर्वांत कच्ची आहे, कारण गावेही एकत्र येऊन पाट काढू शकतात. परंतु ती कच्ची आहे हे दिसते, ते गार्दँ यांनी पायऱ्या मोजून दाखवण्याचा आग्रह धरला म्हणूनच. राजवंशांच्या याद्यांवर पोसलेल्या इतिहासलेखनाला हा आग्रह अजूनही जड जातो.

गार्दँ यांच्या विचारांचा वारसा भारतातील एका अभ्यासातही आढळतो. व्हॅलेंटीन रू यांच्या संपादनाखाली २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खंभातच्या अकीक मणी घडवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्यापासून सिंधू संस्कृतीतील मणी-उद्योगापर्यंतचे अनुमान या पद्धतीने उलगडून मांडले आहे.

महाराष्ट्रात तर हाच पाटाचा प्रश्न घोड नदीकाठच्या इनामगावात उभा आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत बांध, पाट आणि पाच खोल्यांचे घर सापडले, आणि त्यावरून म. के. ढवळीकरांनी तेथे गावप्रमुखाची सत्ता असल्याचे अनुमान काढले. डेक्कन कॉलेजने केलेल्या या उत्खननाचा अहवाल १९८८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरुण अभ्यासकांनी तो समोर ठेवून पाटापासून प्रमुखापर्यंतच्या पायऱ्या एकेक करून लिहून काढाव्यात, त्यासाठी कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.