अंग भरले की पोट सुटले?

काचीगुड्याच्या मराठी घरांतून पाहुण्याच्या प्रकृतीची परीक्षा अजून नजरेनेच होते. गाल वर आले की ‘तब्येत सुधारली’ आणि गळ्याची हाडे दिसली की ‘वाळलास रे!’ खात्यापित्या घरचा माणूस अंगाने भरलेला असावा, ही आपली जुनी समजूत. चरकसंहितेचे मत मात्र निराळे. अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंची गणना तिने निंद्य आठांत केली आहे आणि दोहोंपैकी कृशता बरी, असा निर्वाळाही दिला आहे.

नजरेपेक्षा काटा बरा. पण नुसते वजन उंचीवाचून व्यर्थ. म्हणून किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. बेल्जियमच्या केटले यांनी एकोणिसाव्या शतकात ही रीत मांडली. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो असेल, तर उत्तर सुमारे २३.९ येते. २५ ची जागतिक मर्यादा लावली तर हा गृहस्थ सुटतो. परंतु तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था, जी १९५८ साली कुन्नूरहून आपल्या हैदराबादेस आली, ती आपल्यासाठी २३ च्या आतला आकडाच योग्य मानते.

असे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा आकडा एकच, २२.३. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हातपाय काडीसारखे आणि चरबी आत पोटाशी, ही आपली ठेवण. मधुमेह अशा सडपातळ माणसालाही गाठतो, तो यामुळेच.

तेव्हा शिवणकामाची टेप हाती घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषांनी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा समजावी. मुले आणि गर्भवती यांना हे माप लागू नाही. विजारीच्या मापावर विसंबू नये. आमच्यातले कित्येक गृहस्थ विजार पोटाखाली बांधतात आणि वीस वर्षांपूर्वीचेच माप शिंप्याला अभिमानाने सांगतात. लुगड्याच्या निऱ्या तर वाढत्या कमरेला मुकाट्याने सामावून घेतात.

मर्यादा ओलांडली असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि पुढच्या खेपेस पाहुण्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणण्यापूर्वी नजर गालांवरून जरा खाली न्यावी.