मंडलसिद्धान्त आणि इ. स. १७८० चा चौघांचा संघ

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांतील एक विद्यार्थी मध्यंतरीं एकलहऱ्यास आमच्या घरीं आला होता. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त हा त्याचा अभ्यासविषय. मॉर्गेन्थो यांचा इ. स. १९४८ चा व वॉल्ट्झ यांचा इ. स. १९७९ चा ग्रंथ त्यानें मन लावून वाचला होता. कौटिल्याविषयीं मात्र, "शत्रूचा शत्रु तो मित्र, एवढेंच ना गुरुजी?" असें तो म्हणाला. त्यास जें उत्तर दिलें, तेंच येथें थोडें विस्तारानें मांडीत आहें.

शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें म्हैसुरास छापून प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणांत बारा राजांचें मंडल सांगितलें आहे. विजिगीषूच्या पुढें अरि, मित्र, अरिमित्र, मित्रमित्र व अरिमित्रमित्र; पाठीशीं पार्ष्णिग्राह, आक्रंद व त्या दोघांचे आसार; शिवाय मध्यम व उदासीन. पुष्कळांचें वाचन येथेंच थांबतें. परंतु ग्रंथकार पुढें शत्रूचे तीन प्रकार करितो. सीमेला लागून असलेला तो प्राकृत, समान कुळांतला तो सहज, आणि स्वतः विरोध करणारा किंवा दुसऱ्यास विरोधास लावणारा तो कृत्रिम. मित्राचेहि असेच तीन भेद असून, धनासाठीं किंवा जीवितासाठीं आश्रयास आलेला तो कृत्रिम मित्र होय.

आतां हें माप पेशवाईस लावून पाहूं. आमच्या गांवाहून गोदावरीच्या काठानें वर गेलें, म्हणजे नाशिकापलीकडे आनंदवल्ली लागते. तेथें राघोबादादांचें वास्तव्य असे. इ. स. १७७३ मध्यें नारायणरावांचा वध झाला व इ. स. १७७५ मध्यें दादांनीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला. पुणें दरबारास दादा हे सहज अरि झाले. इंग्रजांनीं त्यापूर्वींच, इ. स. १७७४ च्या अखेरीस, ठाणें व साष्टी घेतली होती. म्हणून ते प्राकृत अरि. हैदर हाहि थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकांतील स्वाऱ्यांपासून प्राकृत अरिच, परंतु इ. स. १७८० मध्यें नाना फडणीसांनीं कृष्णेपर्यंतचा मुलूख त्याजकडे राहूं देऊन त्यास मित्र केलें. पुणें, हैदर, निजाम व नागपूरकर भोसले असा चौघांचा संघ इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. भोसल्यांनीं बंगालवर जावें, म्हणजे कलकत्तेकरांच्या पाठीशीं पार्ष्णिग्राह व्हावें, अशी ती योजना होती.

तिचें पुढें काय झालें? हैदरानें कर्नाटकांत मद्रासकरांस जेरीस आणिलें. परंतु हेस्टिंग्जनें गुंटूर परत देऊन निजामास शांत केलें, आणि कटकापर्यंत गेलेली भोसल्यांची फौज द्रव्य देऊन थांबविली. जो मित्र धनानें जोडला जातो, तो अधिक धनानें सुटतो, हें कृत्रिम मित्राच्या लक्षणांतच अनुस्यूत आहे. शेवटीं इ. स. १७८२ मध्यें महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हैदर त्या तहांत पक्षकार नव्हता. उलट त्यानें जिंकलेला मुलूख सोडावा असें त्यांत ठरलें.

येथवर सिद्धान्त उपयोगी पडला. मात्र एके ठिकाणीं तो अपुरा पडतो, हेंहि प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. मंडलांत शेजार ठरतो तो भूमीवरून. कंपनीचीं ठाणीं तीन किनाऱ्यांवर, दुवा समुद्राचा आणि बंगालचा खजिना मुंबईच्या साह्यास. अशा सत्तेचा पुढा कोणता व पाठ कोणती? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानें ही गोष्ट पूर्वींच हेरली होती. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागें राज्य आहे, असा त्यांतील इशारा आहे. कौटिल्याच्या मंडलांतील ही उणीव मराठी ग्रंथानें भरून काढली, असें आम्हांस वाटतें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, कौटिल्यास परिच्छेदांत गुंडाळूं नये, तसेंच सर्व कांहीं त्यानें आधींच सांगितलें आहे असा अभिमानहि धरूं नये. कोणताहि सिद्धान्त, मग तो पाटलिपुत्राचा असो वा अमेरिकेचा, कागदपत्रांवर घासून पाहावा. कोठें उतरतो व कोठें अडतो, हें टिपून ठेवणें हाच खरा अभ्यास. तो करण्याजोगीं अस्सल पत्रें मराठींत विपुल छापलेलीं आहेत. तीं वाचणारे मात्र हवेत.