सहा दिवसांची श्रद्धा

नांदेड-नागपूर महामार्गावरील अर्धापूर हे केळी आणि हळदीसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. घड उतरविण्याचे काम सुरू झाले की, रविवार काय आणि सोमवार काय! केळी प्रार्थनेची वेळ पाहून पिकत नाही. अशा ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धा जगणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न चर्चच्या चार भिंतींत सुटणारा नाही.

बायबलने त्याचे उत्तर शेतमजुरीच्या भाषेतच दिले आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, असा दंडक जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा धनी दिवसाच्या अखेरच्या तासाला कामावर आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. हा दाखला देवाच्या कृपेविषयीचा आहे. पण त्या मजुराच्या घरीही चूल पेटायची असते, हे भान त्यात आहेच. आज मोबाइलवरून क्षणार्धात पैसे पाठविता येतात. तरीही मजुरी आठवडेबाजार उलटून गेल्यावर मिळत असेल, तर उणीव साधनांची नसते.

केळीच्याच दुसऱ्या मुलखातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सुकेळीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसईत बागायती आणि पाणी धोक्यात आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या लढ्याचे नेतृत्व केले. जमीन आणि विहिरी राखणे हा त्यांच्या दृष्टीने धर्मकार्याचाच भाग होता. बायबलचा मराठी अनुवाद करणारे हेच फादर जानेवारी 2020 मध्ये मराठवाड्यात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती असणे आणि मराठी असणे यांत निवड करावी लागत नाही, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शतकापूर्वी अभंग आणि कीर्तनातून दाखविलेच होते. दिब्रिटोंनी ते आपल्या काळात पुन्हा सिद्ध केले.

मात्र, श्रद्धेची खरी कसोटी अनेकदा कागदावर लागते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झाला नाही. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. 2022 मध्ये केंद्राने याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. नोव्हेंबर 2024 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचार पाळणाऱ्या व्यक्तीला आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निर्णय दिला.

वस्तीतील हिणवणे धर्म बदलल्याने थांबत नाही. प्रमाणपत्र मात्र हातचे जाते. अशा वेळी प्रार्थनेत एक आणि अर्जात दुसरेच लिहिण्याचा मोह एखाद्या कुटुंबाला झाला, तर त्याला ढोंगी ठरविणे सोपे आहे. त्या कुटुंबावर ही वेळ का आली, असे विचारणे अवघड आहे. ख्रिस्ती मंडळीने आधी स्वतःलाच विचारावे: खरे सांगून सवलत गमावणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा भार आपल्यापैकी कोण उचलणार?

सत्य बोला, असे रविवारी सांगता येते. सत्य बोलणारा एकटा पडू नये, याची तजवीज उरलेल्या सहा दिवसांत करावी लागते.