नावातच पत्ता : अंजनेरीची खरपुडी

२००६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एका भारतीय वनस्पतीचे वर्णन छापून आले. मालपुरे, कांबळे आणि श्री. रं. यादव या तीन अभ्यासकांनी तिला नाव दिले ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. विज्ञानाच्या दृष्टीने ही जात नवी होती. तिचे घर मात्र नवे नव्हते. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना वीसेक किलोमीटरवर उजवी-डावीकडचे डोंगर जवळ येऊ लागतात, तिथला अंजनेरी हा हनुमानाचे जन्मस्थान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजला जाणारा डोंगर. माथ्यावर अंजनीमातेचे मंदिर, खाली गावात जुन्या मंदिरांचे अवशेष. श्रावणात तर माणसांची रीघ. म्हणजे ही वनस्पती कुठल्या निबिड अरण्यात दडलेली नव्हती. देवदर्शनाला जाणाऱ्यांच्या वाटेपासून ती फार दूर नव्हती. शिवाय भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींची सविस्तर सूची १९९१ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्या सूचीनंतर पंधरा वर्षांनी याच जिल्ह्यातून एक नवी जात जगासमोर यावी, हे कसे घडते?

पहिले उत्तर तिच्या दिनक्रमात, किंवा वर्षक्रमात म्हणू, आहे. खरपुडी ही कंदावर जगणारी वनस्पती. सह्याद्रीच्या उघड्या पठारांवर काळ्या कातळावर वीतभर माती असते. उन्हाळ्यात ती तापून भाजून निघते, पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहत राहते. अशा ठिकाणी वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली झोपून काढणे हाच शहाणपणा. मृगाच्या सरी मुरल्या की कंदातून कोंब येतो. भोवतीच्या गवताबरोबर तो वाढतो. श्रावण-भाद्रपदात, डोंगर धुक्यात असताना, फुले येतात. पुढे शिंगांसारख्या बारीक जोडशेंगा धरतात. त्या तडकल्या की रेशमी झुपक्याचे बी वाऱ्यावर निघते. खरपुडी रुईच्या कुळातली, त्यामुळे तिच्या बियाही रुईच्या ‘म्हाताऱ्यां’सारख्या उडतात. दिवाळीला आपण घरावर आकाशकंदील लावतो, तेव्हा हे कंदील विझून पठारावरचे गवतही पिवळे पडलेले असते. फूल नसताना ही वनस्पती गवतात ओळखू येणे कठीण. जी आठ-नऊ महिने दिसतच नाही आणि दिसते तेव्हा ऐन पावसात, ती सूचीतून निसटणे नवलाचे नाही.

दुसरे उत्तर नावाशी संबंधित आहे. ‘खरपुडी’ हे नाव लोकांनी फार पूर्वीच दिलेले आहे. तिच्या काही जातींचे कंद खाल्ले जातात, आणि डोंगरात राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या माणसांना ते ठाऊक असतात. पण लोकनाव उपयोगावरून पडते. कंद खाण्याजोगा असला की ती खरपुडी. फुलाची नळी किती लांब, पाकळ्यांची टोके कशी जुळतात, हे तिथे महत्त्वाचे नसते. एका नावाच्या पोटात अनेक जाती सुखाने नांदतात. विज्ञानाला नाते आणि वेगळेपण हवे असते. म्हणून ‘नवी जात सापडली’ याचा अर्थ ती आज उगवली असा नाही, आणि तिला आजवर कोणी पाहिले नव्हते असाही नाही. अर्थ एवढाच की ती कोणाहून वेगळी आहे, हे आता पुराव्यानिशी मांडले गेले.

हा पुरावा मांडण्याची रीत मोठी काटेकोर आहे. वनस्पती फुलासह वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवतात. स्थळ, तारीख, संकलकाचे नाव नोंदवतात. त्यांतला एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून जाहीर होऊन वनस्पतिसंग्रहालयात कायमचा ठेवला जातो. पुढे कोणालाही शंका आली तर न्यायनिवाडा त्या कागदापाशी होतो. जवळच्या सर्व जातींचे नमुने व जुनी वर्णने यांच्याशी तुलना करावी लागते आणि फरक शब्दांत सांगावा लागतो. २०११ अखेरपर्यंत वनस्पतींच्या नव्या नावासाठी हा फरक लॅटिनमध्ये लिहिणे बंधनकारक होते. म्हणजे अंजनेरीच्या पठारावरच्या या हातभर रोपाची पहिली अधिकृत ओळख लॅटिनमधून झाली.

‘सेरोपेजिया’ हे कुळनाम लिनियसने १७५३ मध्ये दिले. केरळातल्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातली एक वेल त्याच्यासमोर होती. तिचा फुलोरा त्याला मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा वाटला. मराठीत आपण या फुलांना कंदीलपुष्प म्हणतो, तेव्हा नकळत त्याच कल्पनेपाशी येतो. भारतात या गटाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत त्यांतल्या बऱ्याच, आणि अनेक अशा की ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. वेलींसारख्या चढणाऱ्या जाती झुडपांत राहतात. उघड्या पठारांवर मात्र ताठ उभ्या राहणाऱ्या, ठेंगण्या जाती. अंजनेरिका यांतलीच. या जातींची नावे वाचणे म्हणजे सह्याद्रीचा नकाशा आणि इतिहास एकदम वाचणे. ‘पाचगणीएन्सिस’, ‘कोंकणेन्सिस’, ‘सह्याद्रिका’ ही स्थळांची नावे. ‘लॉई’मध्ये मुंबई इलाख्यातला वनस्पतीवेडा सनदी अधिकारी लॉ आहे, ‘मॅककॅनी’मध्ये निसर्गअभ्यासक चार्ल्स मॅककॅन, ‘महाबळेई’मध्ये पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे. अंजनेरिकाच्या नावात व्यक्ती नाही, पत्ता आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आता फुलाकडे येऊ. कंदीलपुष्प हा खरे तर सापळा आहे. वर पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून पिंजऱ्यासारखी जाळी होते. तिच्या फटींतून लहानशी माशी आत शिरते. वासाने ओढलेली ही माशी निसरड्या कडेवरून नळीत घसरते. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात; ते उतरू देतात, चढू देत नाहीत. तळाशी नळी फुगून एक खोली तयार होते. अनेक जातींत या खोलीची भिंत जागोजाग पातळ असते आणि तिच्यातून उजेड आत येतो. बाहेरची वाट शोधणारी माशी उजेडाकडे जाते, म्हणजे नेमकी चुकीच्या दिशेने. तिथेच फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर एकत्र जुळलेले असतात. माशी सोंड फिरवते आणि परागांच्या दोन पिशव्या जोडलेली एक बारीक चिमटी तिच्या सोंडेला अडकते. साधारण दिवसभरात नळीतले केस कोमेजतात, फूल कलते, कैद संपते. सुटलेली माशी दुसऱ्या कंदिलात शिरली की पराग पोहोचतो. माशीच्या पदरी पडते ते चाटण्यापुरते मधाचे थेंब.

या ठकवणुकीच्या तऱ्हा जगभर अभ्यासल्या जात आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘सेरोपेजिया सँडरसोनी’बद्दल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन विलक्षण आहे. काही बारीक माश्या कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीच्या अंगातून झिरपणाऱ्या रसावर ताव मारतात. जखमी मधमाशी जे गंध सोडते, तसेच गंध हे फूल सोडते. मेजवानी मांडली आहे असे समजून माशी येते आणि तुरुंगात पडते. म्हणजे एका फुलाच्या वंशामागे माशी, तिच्यामागे कोळी आणि त्याच्यामागे मधमाशी अशी साखळी उभी असते. फुलाला नाव दिले म्हणजे कथेचे एकच पात्र कळले.

माश्यांची गोष्ट तर आणखी अवघड. ‘माशी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घरमाशीच येते. डोंगराळ कुरणांवर मात्र माश्यांची अनेक घराणी राबत असतात. त्यांतल्या ‘नाचमाश्यां’चे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्यांचे नर थव्याने हवेत वर-खाली नाचतात. मादीला रिझवायला शिकार करून भेट आणतात. काही जातींचे नर पुढच्या पायांतल्या ग्रंथींतून रेशीम काढून ती भेट गुंडाळतात. आणि काही तर आत काहीच न ठेवता नुसती रेशमाची पोकळ पुडी देतात. थंड, उंच प्रदेशांत जिथे मधमाश्या कमी, तिथे फुलांवर फिरणाऱ्या या माश्या परागीकरणाचे मोठे काम करतात. पण दोन जाती वेगळ्या ठरवायच्या तर सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या जननांगांची रचना तपासावी लागते. भारतातल्या या घराण्याचे वर्णन १९२० मध्ये ‘ब्रिटिश इंडियाचे प्राणिजीवन’ या मालेच्या खंडात एन्‍रिको ब्रुनेटीने केले. हा गृहस्थ व्यवसायाने वादक होता. वर्षानुवर्षे कलकत्त्यात राहून त्याने माश्या जमवल्या, अभ्यासल्या. आपल्याकडे फुलांचे, पक्ष्यांचे, फुलपाखरांचे हौशी अभ्यासक आता गावोगाव आहेत. माश्यांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच येते.

नाव मिळाल्याने वनस्पतीला काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे कागदावर अस्तित्व. निनावी जात कुठल्या धोक्याच्या यादीत येत नाही, कुठल्या अधिसूचनेत तिचा उल्लेख होऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ ही तरतूद आली. अभयारण्याइतकी कडक नाही, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. महाराष्ट्रातले असे पहिले क्षेत्र नाशिकजवळचे बोरगड, २००८ सालचे. अंजनेरीला हा दर्जा २०१७ मध्ये मिळाला; क्षेत्र जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटर. तिथल्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडे आणि पठारावरची ही खरपुडी, अशी आकाशातली व मातीतली दोन कारणे अंजनेरीच्या बाजूने होती.

परंतु नावात पत्ता असण्याचे दुसरेही टोक आहे. दुर्मीळ वनस्पतीचे ठिकाण जाहीर करू नये, असे अभ्यासक सांगतात. इथे ठिकाण लपवायची सोयच नाही. छायाचित्रासाठी गवतात बसणारा, झोपणारा माणूस भोवतीची कोवळी रोपे चिरडतो, आणि तो नेमका फुलण्याच्या महिन्यातच येतो. त्याहून मोठे प्रश्नही आहेत. माथ्यापर्यंत मोटार-रस्ता नेण्याची कल्पना निघाली. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव केंद्राच्या पर्वतमाला योजनेत आला. निसर्गप्रेमींनी दोन्हींना विरोध केला. गुडघे दुखणाऱ्या आजीला अंजनीमातेचे दर्शन घडावे, ही इच्छा चुकीची नाही. प्रश्न आहे तो माथ्यावर उतरणाऱ्या गर्दीचा. वीतभर मातीत झोपलेल्या कंदाला टपऱ्या, वाहनतळ आणि पायाखाली घट्ट झालेली जमीन सोसत नाही. गवताळ पठाराला ‘पडीक’ म्हणण्याची आपली सवयही तितकीच घातक. पडीक म्हटले की तिथे खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते, आणि सावलीत उघड्या उन्हाची ही वनस्पती संपते.

कंद काढून बागेत वाढवले तर? तसे प्रयत्न झाले आहेत, आणि ते हवेतच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ खरपुड्या जोपासल्या जातात. मात्र बाग हा विमा आहे, संसार नव्हे. कुंडीत कंद नेता येतो. धुके, कातळ, गवत आणि ती सोंडेला पराग अडकवून घेणारी माशी नेता येत नाही. म्हणून जपायचे ते पठारच. श्रावण-भाद्रपदात मळलेल्या वाटेनेच चालणे, वाट कुठून जावी हे पठार ओळखणाऱ्या गावकऱ्यांना ठरवू देणे, माथ्यावर नवे बांधकाम न करणे. या मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्या गावाचे नाव एका जातीला कायमचे जोडले गेले, त्या गावाच्या शाळेतल्या मुलाला ती फुललेली दाखवता आली पाहिजे. आणि तिच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या माशीचे नाव काय, हा प्रश्न त्याला पडला पाहिजे.