मॉर्फिन घड्याळ पाहून द्या, कण्हणे ऐकून नव्हे

पवनारचा एक तरुण शेतकरी वडिलांचे कागद घेऊन ओपीडीत आला. वर्षानुवर्षे खर्रा खाऊन वडिलांना तोंडाचा कर्करोग झालेला, तोही शेवटच्या टप्प्यातला. मॉर्फिनच्या गोळ्या पंधरा दिवसांपूर्वीच दिल्या होत्या. पाकीट पाहिले तर बहुतेक गोळ्या तशाच. ‘‘डॉक्टरसाहेब, बाबांना व्यसन लागलं तर? फारच ओरडले तर एखादी देतो. विनोबांनीही शेवटी औषध घेतलं नव्हतं ना?’’

खरे आहे. १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध सोडले. पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. या बाबांना कुणी विचारलेच नव्हते.

मॉर्फिन अफूपासून बनते आणि मेंदू व मज्जारज्जूकडे जाणारा वेदनेचा संदेश अडवते. साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास टिकतो. म्हणून ती दर ४ तासांनी, दुखणे उसळण्याआधीच द्यायची. औषध अचानक थांबवल्यास घाम, अस्वस्थता, पोटदुखी होते. म्हणून ते हळूहळू कमी करतात. ही शरीराला झालेली सवय आहे, व्यसन नव्हे. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसन क्वचितच लागते.

मात्र काही पथ्ये पाळायलाच हवीत. सुरुवात लहान मात्रेने होते. वृद्धांना आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणखी जपून, कारण औषध शरीरात साचते. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतो. त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच घ्यावे. मळमळ व गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कुटू वा चावू नये. सोबत दारू नको आणि डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळीही नको. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर पुढची मात्रा न देता लगेच १०८ला फोन करावा. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. उरलेल्या रुग्णालयात परत द्याव्यात, शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी नव्हे.

ही भीती केवळ घरातली नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४च्या दुरुस्तीने देशभर एकसारखे, सुटसुटीत नियम आणले. कायद्याने वाट मोकळी केली. उंबरठ्यावरची भीती आपल्यालाच काढायची आहे.

मी त्या मुलाला घड्याळाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या आणि म्हटले, ‘‘आधी बाबांना विचार.’’ आठवड्याने तो पुन्हा आला. म्हणाला, ‘‘बाबा रात्री झोपतात आता. परवा अंगणात बसून नातवाशी बोलले.’’

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण उरलेले दिवस बाबांचे स्वतःचे आहेत.